सुभद्रा का झोपली?

अभिमन्यूची गोष्ट आपल्याला कुणी मुद्दाम शिकवत नाही, ती आपोआप माहीत होते. चक्रव्यूहात शिरायचं कसं ते अर्जुन सांगतोय (काही घरांत हे काम कृष्णाकडे असतं), गरोदर सुभद्रा ऐकतेय, मधूनमधून ‘हूं’ म्हणतेय. थोड्या वेळानं तिचा डोळा लागतो. हुंकार मात्र थांबत नाही, तो आता पोटातून येतोय. सांगणाऱ्याच्या हे लक्षात येतं आणि तो गोष्ट तिथंच तोडतो. आत शिरायचं कळलं, बाहेर पडायचं राहिलं. पुढं कुरुक्षेत्रावर जयद्रथ वाट अडवून धरतो, सगळे महारथी मिळून एकट्या पोराला मारतात, आणि या सगळ्यातून आपण पिढ्यान्‌पिढ्या लक्षात काय ठेवतो? तर बाई झोपली.

ती का झोपली हे कुणी विचारलेलं मला तरी आठवत नाही. दिवस भरत आले असतील. आदल्या रात्री झोप झाली नसेल. युद्धशास्त्राचं लेक्चर फार रात्री सुरू झालं असेल. ‘आज राहू दे, उद्या सांगतो’ म्हणायला सांगणाऱ्याचंही काही अडलेलं नव्हतं. पण त्याच्याकडे बोट दाखवायची आपल्याला सवय नाही.

या गोष्टीवर आज पुण्या-ठाण्यात चांगला धंदा चालतो. गर्भसंस्काराचे क्लास आहेत, अ‍ॅप आहेत, पोटाला हेडफोन लावून ऐकवायची गाणी आहेत, ‘बाळाचा आयक्यू वाढवणारे सात पदार्थ’ सांगणारी रील आहेत. ज्यांच्याकडे वेळ आणि पैसे आहेत त्यांनी खुशाल करावं, माझं त्यांच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते या गोष्टीच्या दुसऱ्या प्रवासाशी. हीच गोष्ट विक्रमगडच्या पुढचा घाट चढून जव्हारला जाते, तिथून मोखाड्याला जाते, आणि जाता जाता सल्ल्याचा आरोप होतो. शहरात म्हणतात, आई, तू बाळाला घडवू शकतेस. तिथं म्हणतात, तुमच्या अडाणीपणामुळे बाळ असं झालं. अहवालाच्या भाषेत याला ‘मातांमध्ये जागृतीचा अभाव’ म्हणतात. कुपोषणावरच्या कुठल्याही बैठकीत पंधरा मिनिटं बसा, हे शब्द कानावर पडतीलच.

आता या आरोपाला नवं, आधुनिक कापड मिळालंय: मेंदूविज्ञान. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी खरं आहे ते मान्य करू. आईची विचार करण्याची क्षमता आणि बाळाची सुरुवातीची बौद्धिक वाढ यांचा संबंध आहे, हे वेगवेगळ्या देशांतल्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. इथं क्षमता म्हणजे पदवी नव्हे. लक्ष एका जागी धरून ठेवणं, दोन-तीन गोष्टी एकाच वेळी डोक्यात घोळवणं (याला वर्किंग मेमरी म्हणतात), मनात आलेली पहिली प्रतिक्रिया आवरून दुसरी निवडणं, असल्या गोष्टी. ज्या आयांचं हे नीट चालतं त्या रडणाऱ्या बाळावर कमी चिडतात, त्याच्या आवाजांना जास्त वेळा उत्तर देतात, आणि त्यांच्या बाळांची भाषा आणि लक्ष सरासरीनं थोडं पुढं असतं. यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, घरच्या परिस्थितीचा आहे, आणि हे धागे सुटे करणं अवघड आहे. तरी संबंध आहे.

तो कसा चालतो हे समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही, सुभद्रेच्या गोष्टीतच ते आहे. बाळाचा मेंदू हुंकारावर वाढतो. बाळ ‘अं’ म्हणतं, समोरचं माणूस ‘हो का?’ म्हणतं. बाळ भांड्याकडे बघतं, कुणीतरी म्हणतं, ‘तपेलं आहे ते, गरम आहे.’ दिवसातून शेकडो वेळा ही देवाणघेवाण झाली की आवाजाला अर्थ असतो, बघितलेल्या वस्तूला नाव असतं, आपण काही केलं की जगात काही घडतं, हे बाळाला कळत जातं. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला. बाळाशी हसत-खेळत बोलणाऱ्या आईला त्यानं दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निश्चल ठेवायला सांगितलं. बाळ हसून बघतं, हात पुढं करतं, ओरडून बघतं आणि शेवटी तोंड फिरवून घेतं. हुंकार बंद झालेला बाळाला इतक्या लवकर कळतो.

म्हणजे प्रश्न असा आहे की हुंकार द्यायच्या वेळी त्या बाईचं डोकं कुठं असतं?

•••

२०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. तमिळनाडूतल्या ५४ गावांतले ४६४ ऊस शेतकरी. ऊस वर्षातून एकदा निघतो, त्यामुळे तोडणीआधी हात रिकामा आणि तोडणीनंतर पैसा, असं त्यांचं वर्ष. संशोधकांनी त्याच माणसांना दोन्ही वेळेला रेव्हन मॅट्रिसेससारख्या, आकृत्यांमधला नियम ओळखायच्या चाचण्या दिल्या. तोडणीनंतर तीच माणसं जास्त हुशार निघाली. माणूस तोच, शाळा तेवढीच झालेली, आईबाप तेच. बदलली होती ती फक्त पैशाची चणचण. या परिणामाचा आकार नेमका किती यावर पुढं वाद झाला आणि तो व्हायलाच हवा. पण संशोधकांनी या चणचणीची तुलना कशाशी केली ते ध्यानात ठेवा: रात्रभर न झोपण्याशी.

फोन हँग झाला की आपण मागं उघडी राहिलेली अ‍ॅप बंद करतो. फोनला अडाणी म्हणत नाही.

आता जव्हार-मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या, मांडीवर सहा महिन्यांचं मूल असलेल्या बाईच्या डोक्यात मागं काय काय उघडं आहे ते बघा. (तुम्ही तिथूनच हे वाचत असाल तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या, तुम्हाला ते माहीत आहे.) पहिलं पाणी. या डोंगरात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि होळीच्या सुमाराला विहिरी तळाला जातात. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी तीन वैतरणेवर आहेत: अप्पर वैतरणा, मोडकसागर आणि २०१४ मध्ये सुरू झालेलं, मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळचं मध्य वैतरणा. ज्या तालुक्यातून नदी अडवून महानगराला पाणी जातं, त्याच तालुक्यात एप्रिलमध्ये टँकरची वाट बघावी लागते. टँकर कधी येईल, विहिरीत ओतलेलं पाणी किती मिनिटांत संपेल, आपला हंडा तिथं कधी पोचायला हवा, तोवर पोर कुणाजवळ ठेवायचं, हे गणित तिच्या डोक्यात दिवसभर चालू असतं. दुसरं धान्य. नागली-वरई किती शिल्लक आहे, रेशन कधी येणार, अंगठा मशीनवर उमटला नाही तर काय. तिसरं सरपण. चौथं आजारपण, आणि त्यासाठी लागणारं जीपचं भाडं.

आणि पाचवं, सगळ्यांत मोठं, उचल. भात झोडून झालं, दिवाळी सरली की इथली माणसं भिवंडी, वसई, शहापूरकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर निघतात. भट्टीवाल्या शेठकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत दर हजार विटांमागे ठरलेला दर, त्यातून आठवड्याची खर्ची वजा, आजारपणाचे खाडे वजा. हिशोबाची वही शेठच्या खिशात असते, बाईला सगळं डोक्यात ठेवावं लागतं. उन्हाच्या आधी काम उरकायचं म्हणून विटा पाडायला पहाटेच्या अंधारात उठायचं. पोर शेजारी झोळीत किंवा गोणपाटावर. ते ‘अं’ म्हणतं तेव्हा आईचे दोन्ही हात चिखलात असतात आणि डोकं हजाराच्या हिशोबात. तुमच्या-माझ्या फ्लॅटची भिंत अशी उभी राहिलेली असते.

या बाईची वर्किंग मेमरी कमी आहे असं कुणी म्हणालं तर मी म्हणेन, उलट आहे. ती पुरेपूर वापरात आहे. बाळासाठी तिच्यात जागा उरलेली नाही, ही वेगळी तक्रार झाली आणि त्या तक्रारीचा पत्ताही वेगळा आहे.

•••

आता रक्त. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हा अख्ख्या राज्याचा आकडा आहे, आदिवासी तालुक्यांचा नव्हे. आधीच्या, म्हणजे २०१५–१६ च्या पाहणीत तो ४८ टक्के होता. म्हणजे मधल्या काळात आपण मागं गेलो. रक्तक्षयाबद्दल आपल्याकडे दम लागणं, चक्कर येणं, बाळंतपणातला धोका एवढंच बोललं जातं. पण लोह मेंदूलाही लागतं.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनमध्ये नुकत्याच बाळंत झालेल्या गरीब बायांवर झालेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोहाच्या कमतरतेनं रक्तक्षय झालेल्या काही आयांना लोहाच्या गोळ्या दिल्या, काहींना दिल्या नाहीत, आणि निरोगी आयांशी तुलना केली. काही महिन्यांनी गोळ्या मिळालेल्या आयांचं नैराश्य आणि ताण कमी झाला होता, आणि रेव्हनच्या त्याच आकृत्यांच्या चाचणीत त्यांचे गुणही वाढले होते. ज्यांना गोळ्या मिळाल्या नाहीत त्या होत्या तिथंच राहिल्या.

थोडं थांबून याचा अर्थ बघा. आपण ज्याला आईची ‘विचारक्षमता’ म्हणतो, जिच्या नावानं बाळाच्या मंदपणाचं खापर फोडतो, तिचा एक भाग काही पैशांच्या गोळीत होता. तो वर्षानुवर्षं तिच्यापर्यंत पोचला नाही. पोचला तर पोटात ढवळतं म्हणून तिनं टाकून दिला, कारण ती गोळी उपाशीपोटी घ्यावी लागत होती. आणि मग आपण म्हणालो, बघा, यांना कळतच नाही.

बाईचं वय हाही याच हिशोबाचा भाग. लक्ष आवरणं, पुढचा विचार करणं, हे सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत तयार होत असतो. सतराव्या-अठराव्या वर्षी आई झालेल्या मुलीचं स्वतःचंच ते अर्धवट असतं. मग लग्न इतक्या लवकर का होतं? इथं पुन्हा ‘प्रबोधन’ हा शब्द येतो. पण ऊसतोडीत जसा ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तसाच भट्टीवरचा हिशोबही बहुतेक जोडीवर चालतो. एकट्या पोराला उचल कमी, जोडीला जास्त. बालविवाहाविरुद्ध पथनाट्य करणाऱ्यांनी कधीतरी एक प्रयोग शेठच्या अंगणातही लावावा.

•••

यावर एक शहाणं उत्तर मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, आदिवासी बायांची क्षमता मुळात नीट मोजलीच गेलेली नाही. खरं आहे. रेव्हनच्या आकृत्या १९३८ मध्ये ब्रिटनमध्ये आल्या. छापील कागदावरचे काळे-पांढरे चौकोन डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचायची सवय ही शाळेची सवय आहे. प्रश्न विचारणारी व्यक्ती पुस्तकी मराठीत बोलते आणि समोरची बाई वारली, कोकणा, ठाकूर किंवा कातकरी, तिची घरातली बोली वेगळी. अनोळखी माणूस वही घेऊन समोर बसला की ती गप्प होते. गप्प बसणं हा इथं अडाणीपणा नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सावकार, फॉरेस्ट आणि पोलिसांच्या अनुभवातून आलेलं शहाणपण आहे. वहीत मात्र नोंद होते: ‘आई बाळाशी बोलत नाही.’

याच बायांमधली धवलेरी वारली लग्नात विधीभर गाणी म्हणते, क्रम न चुकवता, कागदाशिवाय. लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवासिनी स्टेन्सिल वापरत नाहीत. रानात पहिल्या पावसानंतर कोणती भाजी कधी खुडायची, शेवळं कशाबरोबर शिजवलं तर घशाला खाजत नाही, कोणता कंद किती वेळा उकळून पाणी टाकायचा, हे ज्ञान चुकलं तर माणूस आजारी पडतो. त्याची चाचणी कुणी घेत नाही.

आणि हुंकार एकट्या आईनंच द्यायचा, हा नियम तरी कुणी केला? पाड्यावर बाळ आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं, आजीच्या मांडीवर असतं, ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या चिलमीकडे बघत असतं. आई-बाळ अशी दोघांचीच जोडी कल्पून केलेला अभ्यास या घरात अर्धा आंधळा होतो.

इथवर मला मान्य आहे. पण या रस्त्यानं पुढं गेलं की माणूस सोयीच्या जागी पोचतो: आदिवासी आई मुळातच शहाणी, निसर्गाच्या जवळची, तिला काही शिकवायला नको, तिचं तिला करू द्या. हे ऐकायला गोड आहे आणि सरकारला फार स्वस्त पडतं. उपाशी, रक्त नसलेल्या, रात्रभर न झोपलेल्या माणसाचं डोकं नीट चालत नाही, मग ते डोकं धवलेरीचं का असेना. आणि पाड्यावरचा तो भरलेला ओटा सहा महिन्यांसाठी भट्टीवर जातो तेव्हा आजी मागं राहते, बहीण विटा वाहू लागते, आणि बाळाच्या वाट्याला खरोखरच एकटी, हात चिखलात असलेली आई उरते. आईची भलामण करणं आणि आईला दोष देणं, या दोन्हींत तिचा दिवस जसाच्या तसा राहतो.

म्हणजे शिकवूच नये का? शिकवावं. १९८६-८७ मध्ये जमैकात किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर यांनी १२९ खुरटलेल्या मुलांसोबत काम सुरू केलं. काही मुलांना पूरक आहार, काहींना खेळ-संवाद, काहींना दोन्ही, काहींना यातलं काही नाही. खेळ-संवाद म्हणजे आरोग्यसेविका दर आठवड्याला घरी जायची, तासभर थांबायची, टाकाऊ वस्तूंची खेळणी न्यायची आणि आईला बाळाशी खेळायला लावायची. असं सलग दोन वर्षं. वीस वर्षांनी बघितलं तर ज्यांच्या घरी हे झालं होतं त्या मुलांची कमाई तसं न झालेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. बाळाच्या विकासावरच्या कुठल्याही पीपीटीत हा आकडा सापडतो. पीपीटीत न सापडणारी गोष्ट ही, की ती सेविका पगारी होती, तिच्याकडे त्या तासाला दुसरं काम नव्हतं, आणि ती शंभरहून जास्त वेळा त्याच घरी गेली.

आपल्याकडे २०२४ मध्ये केंद्र सरकारनं तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ नावाचा आराखडा आणला. त्यात आईनं आणि अंगणवाडीताईनं करायच्या १४० कृती आहेत, महिन्यागणिक वाटून दिलेल्या. कृती चांगल्या आहेत, खोटं कशाला बोला. पण आराखड्यात कृतींचं कॅलेंडर आहे, आईच्या वेळेचं नाही. ताईच्याही नाही. तिच्या हातात पोषण ट्रॅकर आहे, फोटो अपलोड करायचाय, आधार जोडायचंय, वजन-उंची भरायचीय, आहार शिजवून घ्यायचाय, आणि रेंजसाठी टेकाडावर चढायचंय. तिला सरकार कर्मचारी म्हणत नाही, मानसेवी म्हणते. जमैकाचा निष्कर्ष हवाय आणि जमैकाचा पगार नकोय.

•••

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा असता तर एवढा राग आला नसता. तो इथंच, अगदी शेजारी, सुटायला लागला होता.

ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. मोंटेसरीच्या पद्धतीवर वीस वर्षं शहरांत काम केलेली, उच्चशिक्षित बाई. खेड्यातल्या गरीब मुलांसाठी बालवाडी काढायला ती आली, सोबत अनुताई वाघ. १९५७ च्या सुमाराला दोघी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेल्या. मुलं शाळेत येईनात. ‘पालकांमध्ये जागृतीचा अभाव’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. त्यांनी काय केलं बघा. लहान मुलं येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्या: अंगणवाडी. थोडी मोठी मुलं गुरांमागं जातात, तर शाळा कुरणात न्या: कुरणशाळा. थोरलीच्या कडेवर धाकटं असतं म्हणून ती येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवा, धाकटं इकडे, थोरली तिकडे, आई कामावर: विकासवाडी.

तीनही वेळेला त्यांनी अडचण आईबापांच्या डोक्यात न शोधता त्यांच्या दिवसात शोधली. बालविकासाचं याहून नेमकं संशोधन महाराष्ट्रात झालेलं मला माहीत नाही.

१९७५ मध्ये, २ ऑक्टोबरला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. नाव गेलं, पाळणा मागं राहिला. अंगणवाडीत बसायला जागा मिळते ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, तीही काही तास. तीन वर्षांखालच्या बाळाला, म्हणजे ज्या वयात मेंदू सर्वाधिक वेगानं वाढतो त्या वयात, योजनेनं दिलं काय? घरी न्यायचं आहाराचं पाकीट आणि वजनकाटा. बाकी जबाबदारी आईची.

१९९२ हे वर्ष इथं विसरता येत नाही. त्या वर्षी जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून जास्त मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या आणि महाराष्ट्राला कुपोषण नावाची गोष्ट कळली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अनुताई गेल्या. एकाच जिल्ह्यात, तेव्हाच्या ठाण्यात, एका टेकडीवर उत्तर आणि थोड्या अंतरावरच्या डोंगरात हे. पुढं समित्या आल्या, मिशनं आली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा मंत्र्यांच्या गाड्या घाट चढल्या. दर वेळी मोजले ते मृत्यू आणि किलो-ग्रॅम. जी मुलं मेली नाहीत त्यांचं पुढं काय झालं, ती पाचवीत वाचत का नाहीत, याची बातमी होत नाही.

एक गोष्ट मात्र कौतुकानं सांगायला हवी. २०१५ पासून आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत रोज एक वेळचं पूर्ण, शिजवलेलं जेवण मिळतं. योजनेच्या अंमलबजावणीवर पुष्कळ भांडता येईल. पण या योजनेनं आईला उपदेश केला नाही, ताट वाढलं. आणि ताटावर बसलेली बाई अर्धा तास का होईना, बसलेली असते.

याच दिशेनं पुढं जायचं तर काय मागायचं ते उघड आहे. संघटित क्षेत्रातल्या नोकरदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची भरपगारी बाळंतपणाची रजा मिळते. म्हणजे आई बाळाजवळ मोकळ्या डोक्यानं बसली पाहिजे आणि त्याला पैसे लागतात, हे सरकारला उत्तम कळतं. भात लावणाऱ्या आणि विटा पाडणाऱ्या बाईला मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलासाठी मिळतात पाच हजार रुपये, हप्त्यांनी, कागदपत्रं जुळली तर. खरं तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं किमान सहा हजार लिहिले होते. दोन बाळांच्या मेंदूंत सरकारनं केलेला हा फरक कुठल्याही चाचणीत दिसेल त्याच्याआधी वित्त विभागाच्या कागदावर दिसतो. मागणी एवढीच: पहिले सहा महिने जव्हारच्या बाईलाही मजुरी मिळावी, घरी बसून बाळाला हुंकार देण्याची.

दुसरी मागणी पाळणाघराची. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमायचं. लोकांनी रस्त्यांची, शेततळ्यांची कामं पाहिली, ही बाई फार थोड्यांनी पाहिली. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगनं आदिवासी गावांत ‘फुलवारी’ चालवून दाखवल्या: सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गावातल्याच बाया, दिवसभर सांभाळ आणि गरम खाणं. पुढं राज्य सरकारनंही ती कल्पना उचलली. तिथली जंगलं आणि आपली जंगलं काही वेगळ्या ग्रहावर नाहीत.

भट्टीचं काय, हा सगळ्यांत अवघड भाग. भट्टी तालुक्याबाहेर, शेठ शहरातला, अंगणवाडीच्या यादीत नाव पाड्यावरचं. पाळणाघर काढा म्हटलं की पहिला प्रश्न येतो: सांभाळायला बाई आणायची कुठून? दिवाळीनंतर ट्रक पाड्यावर येतो तेव्हा जरा उभं राहून बघावं. त्यात जोड्या चढतात, पोरं चढतात, भांडी आणि कोंबड्या चढतात. नातवंडांची भाषा येणारी, त्यांना रोज हुंकार देणारी आजी ओटीवर उभी असते. तिच्या नावावर उचल कुणी देत नाही, म्हणून ट्रकमध्ये तिला जागा नसते.